विश्लेषण : नवी फाइल कोरी का नसते? कोड एडिटरमधल्या ‘आयत्या ओळी’ कोण लिहितो आणि त्या बदलायच्या कशा?

नवी वही उघडावी आणि पहिल्या पानावर कुणाचे तरी नाव, तारीख आणि चार ओळी आधीच छापलेल्या असाव्यात, असा अनुभव प्रोग्रामिंग करणाऱ्यांना रोज येतो. ‘न्यू फाइल’वर क्लिक केले की एडिटर स्वतःहून काही मजकूर भरून देतो. बहुतेक जण तो न वाचताच खाली सरकतात आणि आपले काम सुरू करतात. पण याच ओळींमधून लॅपटॉपचे लॉगिन नाव जगजाहीर होते, मोबाइल गेम मंद होऊ शकतो आणि मराठी वेबसाइट स्वतःला इंग्रजी म्हणवून घेते. या ओळी कुठून येतात, त्या कुणी ठरवल्या आणि त्या आपल्या मनासारख्या कशा करता येतात, याविषयी…

फाइल टेम्प्लेट म्हणजे नेमके काय?

कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर. व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ, इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स, नेटबीन्स, एक्सकोड ही त्यातली ओळखीची नावे. यातील बहुतेकांच्या पोटात प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी एक नमुना साठवलेला असतो. त्यालाच टेम्प्लेट म्हणतात. सरकारी कार्यालयातल्या छापील अर्जासारखे हे प्रकरण आहे. ठरावीक मजकूर आधीच छापलेला आणि मध्ये गाळलेल्या जागा.

फरक इतकाच की या गाळलेल्या जागा एडिटर स्वतः भरतो. फाइलचे नाव, आजची तारीख, चालू वर्ष, संगणकावर लॉगिन केलेल्या व्यक्तीचे नाव, प्रोजेक्टचे नाव. नमुन्यात या जागी विशिष्ट खुणा असतात. इंटेलिजे आणि अँड्रॉइड स्टुडिओमध्ये डॉलर चिन्ह आणि महिरपी कंस, युनिटीत दोन हॅशच्या मध्ये लिहिलेला शब्द, एक्सकोडमध्ये तीन-तीन अंडरस्कोअर. फाइल तयार होताना खूण जाते आणि तिच्या जागी खरी माहिती येते. जादू वगैरे काही नाही; हा नमुना साध्या मजकुराची फाइल असतो आणि म्हणूनच तो बदलता येतो.

‘लेखक : अ‍ॅडमिन’ हे कोण गृहस्थ?

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रॅक्टिकलच्या फाइली पाहिल्या तर जावा विषयातले सर्वांत लिहिते लेखक म्हणजे ‘अ‍ॅडमिन’, ‘स्टुडंट’, ‘डेल’ आणि ‘एचपी’. कारण सोपे आहे. नेटबीन्स नवी जावा फाइल तयार करताना लेखक म्हणून ऑपरेटिंग सिस्टीममधले वापरकर्त्याचे नाव टाकते. लॅबमधल्या संगणकावर ते ‘स्टुडंट’ असते, दुकानदाराने विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपवर बहुधा कंपनीचे नाव असते. त्याच्या वर आणखी दोन ओळी असत : हा परवाना-मजकूर बदलायचा असेल तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, हे टेम्प्लेट बदलायचे असेल तर टूल्समधील टेम्प्लेट्समध्ये जा. म्हणजे बदला असे सांगणारी ओळच कुणी बदलत नाही आणि ती सूचना जशीच्या तशी प्रिंटआउटवर, सबमिशनमध्ये आणि पुढे गिटहबवर जाऊन बसते. इंटेलिजेच्या जुन्या आवृत्त्याही अशीच टीप सोडत. ‘अमुक वापरकर्त्याने, अमुक तारखेला, अमुक वाजता तयार केले’ आणि खाली टेम्प्लेट बदलण्याचा पत्ता.

लॅबपुरते हे गमतीचे आहे. पण नोकरीच्या जागी लॉगिन नाव म्हणजे अनेकदा कर्मचारी क्रमांक किंवा कंपनीच्या नेटवर्कवरची ओळख असते. कोड ग्राहकाकडे गेला, किंवा खुल्या स्वरूपात प्रसिद्ध झाला, की ती ओळखही सोबत जाते. नंतर ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. त्यामुळे स्वच्छतेची वेळ फाइल तयार होण्यापूर्वीची असते, नंतरची नाही.

नेटबीन्समध्ये याचा उपाय एका मिनिटाचा आहे. टूल्स, मग टेम्प्लेट्स, आणि त्या खिडकीतले सेटिंग्ज हे बटण. त्यातून एक छोटी फाइल उघडते. ‘युजर’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या आधीचा हॅश काढायचा आणि बरोबरच्या चिन्हापुढे आपले नाव लिहायचे. यापुढच्या सर्व फाइलींवर तेच नाव येईल.

विद्यार्थ्यांना पडणारी आणखी एक शंका इथेच घेऊ. सर्वांच्या फाइलींची सुरुवात सारखी असेल तर कॉपी पकडणारे सॉफ्टवेअर सर्वांना दोषी धरेल का? स्टॅनफर्ड विद्यापीठातून चालणाऱ्या ‘मॉस’ या सुपरिचित साधनात शिक्षकांना एक ‘बेस फाइल’ देता येते. त्या फाइलीतला कोड कुणाच्याही उत्तरात आढळला तरी तो साम्यात धरला जात नाही. ती द्यायची की नाही, हे अर्थात शिक्षकांच्या हातात.

‘माझ्या कंपनीचे नाव’ अ‍ॅप स्टोअरवर कसे पोहोचले?

आयफोनसाठी अ‍ॅप लिहिण्याची लाट आली तेव्हा अ‍ॅपलच्या एक्सकोडची तिसरी मालिका चालू होती. तिच्या नमुन्यात स्वामित्व हक्काच्या ओळीत कंपनीच्या नावाच्या जागी मागेपुढे अंडरस्कोअर लावलेले ‘माय कंपनी नेम’ असे लिहिलेले असे. हे नाव बदलण्यासाठी एक्सकोडच्या सेटिंगमध्ये सरळ जागा नव्हती; टर्मिनलमध्ये एक लांबलचक आज्ञा द्यावी लागे. परिणाम व्हायचा तोच झाला. त्या काळातल्या असंख्य फाइलींचे सर्व हक्क ‘माझ्या कंपनीचे नाव’ या कंपनीकडे राखीव आहेत. गिटहबवर शोधल्यास त्या आजही सापडतात.

२०१७ मध्ये आलेल्या एक्सकोड ९ ने हा प्रश्न सोडवला. आता ‘आयडीई टेम्प्लेट मॅक्रोज’ नावाची एक छोटी पीलिस्ट फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिच्यात ‘फाइल हेडर’ या नावापुढे हवा तो मजकूर लिहायचा. ही फाइल घरच्या लायब्ररी फोल्डरमध्ये, डेव्हलपर आणि एक्सकोडच्या ‘युजर डेटा’त ठेवली तर आपल्या सर्व प्रोजेक्टांना लागू होते. प्रोजेक्टच्या आत, सर्वांसाठी सामायिक असलेल्या डेटाच्या फोल्डरमध्ये ठेवली तर फक्त त्या प्रोजेक्टला, पण त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला. हा दुसरा पर्याय अधिक कामाचा आहे, कारण तो गिटमधून सगळ्यांकडे आपोआप पोहोचतो.

कंपनीने नमुना बदलला तर काय होते?

टेम्प्लेट ही किरकोळ बाब वाटत असेल तर २०२१ चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट ६ प्रसिद्ध केले. तोपर्यंत सी शार्पचा नवा कन्सोल प्रोग्राम उघडला की परिचित चौकट मिळे. वर ‘युजिंग सिस्टीम’, मग नेमस्पेस, मग प्रोग्राम नावाचा क्लास, त्यात मेन ही पद्धत आणि तिच्या पोटात ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारी एक ओळ. डॉट नेट ६ मध्ये हे सगळे गेले. उरल्या दोन ओळी : अधिक माहितीचा दुवा देणारी एक टिप्पणी आणि ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारी आज्ञा.

भाषेने ही मुभा आधीच, सी शार्प ९ मध्ये दिली होती. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. नमुना बदलला तेव्हा मात्र चर्चा पेटली. कारण उघड होते. पुस्तकात, यूट्यूबवरच्या व्हिडीओत, सरांच्या फळ्यावर एक चित्र आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर दुसरेच. ‘मेन कुठे आहे?’ हा प्रश्न जगभरच्या नवशिक्यांनी विचारला. मायक्रोसॉफ्टला दुव्यावरच्या पानात दोन्ही रूपे शेजारी ठेवून समजावावे लागले आणि २०२२ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओत नवा प्रोजेक्ट तयार करताना जुनी चौकट मागून घेण्यासाठी एक चेकबॉक्स द्यावा लागला. ‘डू नॉट यूज टॉप-लेव्हल स्टेटमेंट्स’ असे त्याचे नाव. आजही अभ्यासक्रम जुन्या पुस्तकावर असेल तर ही खूण करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

भाषा काय करू देते यापेक्षा एडिटर पहिल्यांदा काय दाखवतो, यावर लोकांची सवय बनते. म्हणूनच नमुना ठरवणाऱ्याच्या हाती वाटते त्याहून मोठी सत्ता असते.

रिकाम्या ओळींची किंमत मोजावी लागते का?

लागते, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण युनिटी हे गेम इंजिन आहे. युनिटीत नवी स्क्रिप्ट तयार केली की तिच्यात दोन रिकाम्या पद्धती आयत्या मिळतात. ‘स्टार्ट’ एकदाच चालते. ‘अपडेट’ प्रत्येक फ्रेमला चालते. शिकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे. पण ज्या स्क्रिप्टला दर फ्रेमला काहीच करायचे नाही, तिच्यातही ती रिकामी ‘अपडेट’ राहून जाते. इंजिनाला ती रिकामी आहे हे कळत नाही. ती आहे एवढेच कळते आणि ते तिला हाक मारत राहते.

हिशेब करून पाहा. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो आणि पडद्यावर अशा ५०० वस्तू आहेत. म्हणजे सेकंदाला ३० हजार हाका, काहीही न करण्यासाठी. प्रत्येक हाक इंजिनाच्या सी प्लस प्लस भागातून सी शार्पमध्ये जाते आणि तिला थोडा वेळ लागतो. हा ‘थोडा’ किती, हे खुद्द युनिटीनेच २०१५ मध्ये १० हजार ‘अपडेट’ हाकांचे मोजमाप करून एका लेखात मांडले होते. महागड्या फोनवर हे जाणवणार नाही. आपल्याकडच्या दहा-बारा हजारांच्या फोनवर, बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये, जाणवू शकते.

उपाय म्हणजे नमुन्यातूनच ‘अपडेट’ काढून टाकणे. प्रोजेक्टच्या ‘अ‍ॅसेट्स’ फोल्डरमध्ये ‘स्क्रिप्ट टेम्प्लेट्स’ नावाचा फोल्डर करायचा, युनिटीच्या मूळ नमुन्याची प्रत त्याच नावाने तिथे ठेवायची, नको त्या ओळी काढायच्या आणि युनिटी बंद करून पुन्हा सुरू करायची. नाव तंतोतंत तेच हवे. एक अक्षर चुकले तर युनिटी आपला मूळ नमुनाच वापरत राहील, तेही कोणतीही तक्रार न करता.

जावातला प्रकार याहून घातक आहे. एक्लिप्सला ‘ट्राय-कॅच’ लिहून मागितले की ‘कॅच’च्या पोटात ‘टूडू : ऑटो-जनरेटेड कॅच ब्लॉक’ अशी टिप्पणी आणि चूक पडद्यावर छापणारी एक ओळ येते. चूक छापली जाते आणि प्रोग्राम काहीच झाले नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. फाइल उघडली गेली नाही, डेटाबेसशी जोडणी झाली नाही, तरी पुढचा हिशेब सुरूच. सर्व्हरवर ती छापलेली ओळ पाहायला कुणी बसलेले नसते. ही चौकट नव्या फाइलीची नव्हे, फाइलीच्या आतल्या तुकड्याची आहे. पण जातकुळी तीच. जेटब्रेन्सने इंटेलिजेच्या नव्या आवृत्त्यांत हा नमुना बदलून चूक गिळण्याऐवजी ती वर फेकणारी ओळ ठेवली, हे योग्यच झाले. एक्लिप्समध्ये प्रेफरन्सेस, जावा, कोड स्टाइल आणि कोड टेम्प्लेट्स या वाटेने तीच दुरुस्ती हाताने करता येते. जावा शिकवणाऱ्या प्रत्येक लॅबमध्ये ती करून ठेवावी, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मराठी पानाच्या माथ्यावर ‘इंग्रजी’ का?

व्हीएस कोडमध्ये एचटीएमएलच्या कोऱ्या फाइलीत उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा. क्षणात संपूर्ण सांगाडा उभा राहतो. ही करामत ‘एमेट’ या साधनाची, जे व्हीएस कोडमध्ये आधीपासून बसवलेले असते. वेब डिझाइन शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवले जाते.

या सांगाड्याच्या दुसऱ्याच ओळीत पानाची भाषा लिहिलेली असते : ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. मग त्या पानावर ग्रामपंचायतीची माहिती असो, दिवाळी अंक असो किंवा गणेशोत्सव मंडळाची पावती. मजकूर मराठी, पण पान ब्राउझरला सांगते की मी इंग्रजी आहे.

याने बिघडते काय? डोळ्यांनी वाचणाऱ्याचे फारसे नाही. पण दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरते. एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडर कोणत्या भाषेचा आवाज लावायचा, हे याच खुणेवरून ठरवू शकतात. खूण इंग्रजीची असेल तर इंग्रजी आवाजाच्या हाती देवनागरी मजकूर पडतो आणि तो अडखळत वाचला जातो किंवा गाळला जातो. वेब सुगम करण्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, पानाची भाषा बरोबर सांगणे ही सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ए’ पातळीची अट आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची २०२३ ची नियमावली याच तत्त्वांवर आधारलेली आहे. त्यामुळे सरकारी कामाचे कंत्राट घेणाऱ्यांसाठी ही केवळ सौजन्याची बाब उरत नाही.

दुसरा परिणाम डोळ्यांनाही दिसतो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, पण ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे वेगळी. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याचे कळले तरच मराठी रूप दाखवले जाते. ‘ईएन’ लिहिलेल्या पानावर त्या फॉन्टचा मूळ, बहुधा हिंदी वळणाचा ल येतो. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, हेही ब्राउझर भाषेच्या खुणेवरून ठरवतो.

दुरुस्ती अगदी साधी आहे. व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये ‘एमेट व्हेरिएबल्स’ शोधायचे. तिथे ‘लँग’ या नावापुढे ‘एमआर’ लिहायचे. यानंतर उद्गारचिन्हातून येणारा प्रत्येक सांगाडा मराठीचा असेल. फक्त एकाच प्रोजेक्टपुरता हा बदल हवा असेल तर युजरऐवजी वर्कस्पेसच्या टॅबमध्ये करावा. पानावर मधे एखादा इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला वेगळी ‘ईएन’ खूण देता येते. जुन्या फाइली मात्र आपोआप सुधारत नाहीत. टेम्प्लेट फक्त पुढे जन्मणाऱ्या फाइलींचे असते.

याच सांगाड्यात पानाचे शीर्षक ‘डॉक्युमेंट’ असते. ब्राउझरच्या टॅबवर ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘व्हीट प्लस रिअ‍ॅक्ट’ असे नाव मिरवणारी संकेतस्थळे दिसली तर ती कुठून आली, हे आता लक्षात येईल. एमेटच्या सांगाड्यात बरीच वर्षे इंटरनेट एक्स्प्लोररसाठीचीही एक ओळ होती. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये त्या ब्राउझरला निरोप दिला. नमुन्यातून ती ओळ पुढे गेली, पण आधी तयार झालेल्या पानांवर ती अजून पाहुण्याची वाट बघत उभी आहे.

स्वतःचा नमुना तयार कसा करायचा?

अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजे कुटुंबात ही सोय सर्वांत परिपूर्ण आहे. सेटिंग्जमध्ये एडिटर आणि त्यात ‘फाइल अँड कोड टेम्प्लेट्स’. डावीकडे जावा, कोटलिन, एचटीएमएल अशी यादी दिसते. हवा तो नमुना निवडून उजवीकडे सरळ बदलायचा. ‘इन्क्लुड्स’ या टॅबमध्ये ‘फाइल हेडर’ असतो. तो बदलला की त्याचा आधार घेणाऱ्या सर्व नमुन्यांचा माथा बदलतो. नमुन्यात अशी खूण लिहिली जी एडिटरला माहीत नाही, तर फाइल तयार करताना तो तिची किंमत विचारतो. याचा चतुराईने वापर करता येतो. उदाहरणार्थ, प्रॅक्टिकलचा क्रमांक. आणि एखादी फाइल आधीच मनासारखी जमली असेल तर फाइल मेनूतून ती थेट टेम्प्लेट म्हणून साठवता येते.

अडचण येते ती डॉलर चिन्हाची. या एडिटरमध्ये डॉलर म्हणजे खूण सुरू झाली. मजकुरात खरेखुरे डॉलर चिन्ह हवे असेल तर महिरपी कंसातल्या ‘डीएस’ या खुणेचा वापर करावा लागतो. पीएचपी लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांच्या भाषेत डॉलरशिवाय पान हलत नाही.

सर्वाधिक चर्चेतला एडिटर व्हीएस कोड मात्र इथे वेगळा आहे. तो नवी फाइल खरोखरच कोरी देतो. त्यात टेम्प्लेटचे काम ‘स्निपेट’कडून करून घ्यावे लागते. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून आज्ञांची पट्टी उघडायची, ‘कॉन्फिगर स्निपेट्स’ शोधायचे आणि भाषा निवडायची. उघडणाऱ्या फाइलीत नाव, लघुरूप आणि मजकूर लिहायचा. त्यात ‘इज फाइल टेम्प्लेट’ हा गुण ‘ट्रू’ असा जोडला की तो स्निपेट पूर्ण फाइलीसाठी आहे हे एडिटरला कळते. नंतर कोऱ्या फाइलीत ‘फिल फाइल विथ स्निपेट’ ही आज्ञा दिली की निवडायला यादी येते. चालू वर्ष, फाइलचे नाव यांच्या खुणा इथेही आहेत. शिवाय डॉलर एक, डॉलर दोन अशा खुणा लिहिल्या तर टॅब दाबत एकेका रिकाम्या जागेवर उडी मारता येते. खऱ्या डॉलरसाठी इथे आधी दोन उलटे तिरपे दंड द्यावे लागतात. हेच काम आपोआप करून देणारी एक्स्टेन्शन्सही मिळतात. पण दोन ओळी भरण्यासाठी अनोळखी माणसाचे सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या कोडजवळ आणून बसवावे का, याचा विचार करावा.

जुन्या जाणत्यांच्या व्हिममध्ये याला ‘स्केलेटन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः सांगाडा. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहायची : अमुक प्रकारची नवी फाइल सुरू झाली की अमुक फाइल वाचून वर टाक. ईमॅक्समध्ये ‘ऑटो-इन्सर्ट’ हेच करतो.

स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करणाऱ्या मुलांना हे सांगायलाच नको. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये कोडशेफ सुरू केले, तेव्हापासून आपल्याकडे या स्पर्धांची मोठी पिढी तयार झाली आणि त्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचा एक सी प्लस प्लसचा नमुना असतो. त्याच्या पहिल्या ओळीत ‘बिट्स’ फोल्डरमधला, सगळी लायब्ररी एकदम ओढून आणणारा हेडर असतो. स्पर्धेत मिनिटे वाचतात, हे खरे. पण तो हेडर जीसीसी या कंपायलरची खासगी सोय आहे, भाषेच्या प्रमाणाचा भाग नाही. मॅकवरच्या अ‍ॅपलच्या कंपायलरवर तो मुळात सापडतच नाही. स्पर्धेचा नमुना नोकरीत नेऊ नये, तो यासाठी.

माथ्यावर किती लिहावे?

कंपन्यांमध्ये यावरून वाद होतात. जुनी पद्धत अशी की लेखक, तारीख, बदलांची जंत्री आणि परवान्याचा पूर्ण मजकूर फाइलीच्या डोक्यावर हवा. पण लेखक कोण आणि बदल कधी झाला, हे गिट प्रत्येक ओळीसाठी नोंदवतेच, आणि हाताने लिहिलेल्या नोंदीपेक्षा अचूक नोंदवते. वर्षानुवर्षे सहा जणांनी बदललेल्या फाइलीवर पहिल्या माणसाचेच नाव राहते आणि प्रश्न विचारणारे फोनही त्यालाच जातात.

परवान्याचे मात्र तसे नाही. लिनक्सच्या गाभ्यातील हजारो फाइलींत परवान्याचा उल्लेखच नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या फाइलींच्या माथ्यावर ‘एसपीडीएक्स’ पद्धतीची एक ओळीची खूण घालण्यात आली. त्या एका ओळीतून यंत्रालाही कळते की ही फाइल कोणत्या परवान्याखाली आहे. ही पद्धत २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाण झाली. टेम्प्लेटमध्ये एकच ओळ ठेवायची असेल तर ती हीच ठेवावी.

वर्षाचे काय? दर जानेवारीत हजारो फाइलींमधले वर्ष बदलण्याचा सोहळा अनेक प्रकल्पांत चाले. ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाने २०२३ च्या सुरुवातीला तो बंद केला आणि फाइलींच्या माथ्यावरून वर्षेच काढून टाकली.

गटात काम करणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा जागेचा. इंटेलिजेत टेम्प्लेटच्या खिडकीवर ‘स्कीम’ असा पर्याय असतो. तो ‘डीफॉल्ट’वरून ‘प्रोजेक्ट’वर नेला की नमुने प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये साठतात आणि गिटमधून सर्वांना मिळतात. व्हीएस कोडमध्ये स्निपेटची फाइल प्रोजेक्टमधल्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ठेवली की तेच साधते. सी शार्पवाल्यांना ‘एडिटर कॉन्फिग’ या फाइलीत ‘फाइल हेडर टेम्प्लेट’ अशी ओळ लिहिता येते, आणि एखाद्या फाइलीवर तो माथा नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओला तशी सूचनाही द्यायला लावता येते. ही सूचना चालू करताना एकदम ‘एरर’ पातळीवर नेऊ नये. जुन्या प्रोजेक्टमध्ये तसे केले तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची बिल्ड लाल दिसेल. आधी ‘सजेशन’, सर्व फाइली सुधारल्या की मग ‘वॉर्निंग’.